समुद्राकडे पाठ करून बसलेली गावं: इजिप्तच्या उत्तर किनाऱ्यावरचे बेदुइन, सोप्या भाषेत

इजिप्त फिरून आलेल्या कुठल्याही मराठी ग्रुपला विचारा, यादी ठरलेली असते. कैरो, पिरॅमिड, लक्झर, नाईलमधली क्रूझ, आणि जमलंच तर तांबड्या समुद्रावर हुरघाडाला दोन दिवस, तिथं एका संध्याकाळी 'बेदुइन नाईट' म्हणजे जीपमधून वाळवंटात नेतात, उंटावर बसवतात, चटईवर जेवायला घालतात आणि साडेनवाला परत हॉटेलवर सोडतात. त्यामुळे बेदुइन, म्हणजे वाळवंटातले मूळचे भटके अरब, आपल्या डोक्यात उंट, तंबू आणि वाळू एवढ्यावरच अडकून राहतो. समुद्राशी त्याचं काही देणंघेणं असेल असं वाटतच नाही.

पण अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला, थेट लिबियाच्या बॉर्डरपर्यंत, पाचेकशे किलोमीटरचा भूमध्य समुद्राचा किनारा आहे आणि तो सगळा पिढ्यान्‌पिढ्या बेदुइन लोकांचा आहे. अल-हम्माम, अल-अलामेन, सीदी अब्द अल-रहमान, अल-दबा, रास अल-हिकमा, मर्सा मत्रूह, सीदी बर्रानी आणि अगदी टोकाला सल्लूम. या गावांत बाजार कसा भरतो, भांडण कसं मिटतं, पाहुण्याला कुठं बसवतात, बायका कुठून ये-जा करतात, जमीन कोणाची समजली जाते, हे सगळं बेदुइन रीतीनं ठरतं. आणि ती रीत माहीत नसेल तर माणूस तिथं जाऊन निळं पाणी बघून, फोटो काढून परत येतो, गाव काही दिसत नाही. म्हणून हा लेख, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी नकाशा डोक्यात बसवू. अलेक्झांड्रियाहून गाडी काढली की किनाऱ्याला समांतर एक मोठा हायवे पश्चिमेला जातो. उजव्या हाताला समुद्र, पण तो बऱ्याच ठिकाणी दिसत नाही, कारण मैलोन्‌मैल रिसॉर्टच्या कंपाउंडच्या भिंती आहेत, मोठमोठी गेटं, गार्ड, पामची झाडं. डाव्या हाताला उघडा माळ, चुनखडीची ठेंगणी टेकडी, अंजिराची झाडं, बसकी घरं, घरापुढं पिकअप गाडी, एखादा तंबू, मेंढरं. म्हणजे एकच रस्ता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे देश वाटावेत असा प्रकार. टुरिस्ट उजव्या बाजूला वळतो. या लेखात आपण जास्त करून डाव्या बाजूला बघणार आहोत.

इथल्या बेदुइन लोकांना एकत्रितपणे औलाद अली म्हणतात, म्हणजे अलीची लेकरं. ही एक जमात नाही, जमातींचा मोठा कुटुंबकबिला आहे. मुख्य शाखा सांगायच्या तर अली अल-अहमर, अली अल-अब्यद आणि सिनना, आणि त्यांच्या पोटशाखा, पोटशाखांच्या पोटशाखा, अशी वंशावळ आठवणारे म्हातारे अजून भेटतात. हे मूळचे आजच्या पूर्व लिबियातले, ज्या भागाला बर्का म्हणतात तिथले, आणि साधारण सतराव्या-अठराव्या शतकापासून पुढं सरकत सरकत इजिप्तच्या हद्दीत आले. स्वतःचं मूळ ते आणखी मागं नेतात, अकराव्या शतकात अरबस्तानातून उत्तर आफ्रिकेत घुसलेल्या बनू सुलैम जमातीपर्यंत. त्यामुळे त्यांची बोली कैरोपेक्षा लिबियातल्या बेनगाझीला जवळची, कपडे, गाणी, जेवण, सगळं लिबियाकडं झुकणारं. ते स्वतःला 'अरब' म्हणवतात आणि नाईलकाठच्या लोकांना 'मसरी' म्हणजे इजिप्शियन, जणू आपण त्यातले नाहीच. पासपोर्ट अर्थातच इजिप्तचा. पण मत्रूहमध्ये एखाद्याला कौतुकानं 'तुम्ही इजिप्शियन लोक' म्हणालात तर समोरचा हसून गप्प बसेल, आणि का गप्प बसला ते तुम्हाला कळणार नाही.

आता समुद्र समोर असताना हे लोक मासेमार का झाले नाहीत? मला हा प्रश्न सगळ्यात जास्त पडायचा, कारण आपण कोकणाच्या सवयीनं विचार करतो, समुद्र म्हटला की होडी, जाळं, सुकी मासळी. इथं तसं काही नाही. औलाद अलींचं सगळं जगणं समुद्राकडं पाठ करून, दक्षिणेकडं बघत चालायचं. कारण त्यांचं धन मेंढरं, आणि मेंढरांना हवा पाऊस.

पाऊस किती, तर मत्रूहला वर्षाला सरासरी १४० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडं कोकणात जुलैच्या एका दिवसात तेवढा पडून जातो. तोही हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्चच्या मध्ये, आणि किनाऱ्यापासून आत गेलं की झपाट्यानं कमी होतो, पन्नासेक किलोमीटरवर जवळजवळ शून्य. म्हणजे शेती आणि चराई शक्य आहे ती किनाऱ्याला चिकटलेल्या एका अरुंद पट्टीत. तिथं पहिला पाऊस झाला की बार्ली पेरायची, चांगलं वर्ष असेल तर कणीस धरतं, वाईट असेल तर कोवळी बार्ली मेंढरांनाच चारायची. ओहोळांच्या खोऱ्यात दगडी बांध घालून वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि त्या गाळावर अंजीर आणि ऑलिव्ह लावायचे. उन्हाळ्यात हायवेच्या कडेला पोरं अंजिरांच्या टोपल्या घेऊन उभी असतात ती या झाडांची. थांबून घ्या, गाडी पुढं काढू नका, पावसावर वाढलेलं अंजीर आकारानं लहान पण गोडीला जबरदस्त.

आणि पिण्याचं पाणी? इथं माझ्या मते या किनाऱ्यावरची सगळ्यात भारी गोष्ट येते जी कुठल्याच टूरच्या यादीत नसते. चुनखडीच्या खडकात कोरलेल्या जमिनीखालच्या टाक्या, ग्रीक-रोमन काळातल्या, म्हणजे दीड-दोन हजार वर्षं जुन्या, आणि त्यातल्या कित्येक आजही वापरात. वरून बघाल तर काहीच नाही, जमिनीत एक चौकोनी भोक आणि त्याच्या तोंडाशी दगड, पण त्या दगडाच्या कडेला हात फिरवला तर बोटं बसतील एवढे खोल चर पडलेले असतात, शेकडो वर्षं दोर घासून घासून. आत वाकून हाक मारली की आवाज घुमून वर येतो. आजूबाजूच्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी छोट्या चरांमधून या तोंडाकडं वळवलेलं असतं आणि एकदा टाकी भरली की उन्हाळाभर ती माणसांची आणि मेंढरांची. रोमन साम्राज्य गेलं, टाक्या गाळानं भरल्या, बेदुइन आले, त्यांनी त्या उपसल्या आणि वापरायला घेतल्या. १९९०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या एका प्रकल्पातही जुन्या टाक्या साफ करणं आणि नव्या खोदणं हे मोठं काम होतं. टाकी कोणाची यावरून त्या भोवतीची जमीन कोणाची हे ठरतं, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मेंढरांची इथली जात बरकी. बर्का प्रांतावरून नाव. चरबीदार शेपटीची, लांबवर चालणारी, खाऱ्या झुडपांवर जगणारी. कैरोतले लोक बकरी ईदला मुद्दाम बरकी मेंढा शोधत येतात, खारट चाऱ्यामुळं मटणाला वेगळी चव येते म्हणतात. खाणाऱ्यांनी मत्रूहमध्ये मरदम मागावं, वाळूत खड्डा करून निखाऱ्यांवर मटण पुरून शिजवतात ते. हॉटेलात लगेच मिळत नाही, आधी सांगावं लागतं.

जरा समुद्राच्या पाण्याबद्दल, कारण त्याशिवाय वाचक सोडणार नाहीत. मत्रूहचं पाणी एवढं हिरवं-निळं आणि वाळू एवढी पांढरी का? कारण ही नाईलची वाळू नाहीच. नाईलचा गाळ समुद्रातले प्रवाह पूर्वेकडं ओढून नेतात, सिनाईच्या दिशेला, पश्चिमेच्या किनाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. इथली वाळू म्हणजे चुन्याचे बारीक गोल दाणे, समुद्रातच तयार झालेले. गाळ नाही म्हणून पाणी नितळ, तळ पांढरा म्हणून रंग उजळ. किनाऱ्याला समांतर ज्या ठेंगण्या टेकड्या दिसतात त्यासुद्धा अशाच जुन्या वाळूच्या, घट्ट होऊन दगड झालेल्या. मत्रूहच्या पश्चिमेला अगीबा नावाचा बीच आहे, कड्याखाली, तिथं वरून बघितलं की हे सगळं एका नजरेत कळतं. बाकी क्लिओपात्राचा हौद वगैरे आहेच, राणी तिथं आंघोळ करायची की नाही देव जाणे, पण खडकातला डोह छान आहे.

गावांच्या नावात सारखं 'सीदी' येतं ते बघितलंत का, सीदी अब्द अल-रहमान, सीदी बर्रानी, सीदी हनीश. सीदी म्हणजे आपल्याकडं पीर किंवा बाबा म्हणतो तसं. अमुक साधुपुरुषाची कबर जिथं आहे तिथं लोक जमायला लागले, जत्रा भरायला लागली, बाजार बसला, गाव झालं. इथल्या समाजातही यावरून दोन थर आहेत, सादी म्हणजे लढवय्ये, जमिनीवर मूळ हक्क सांगणारे, आणि म्राबतीन म्हणजे त्यांच्या आश्रयाला राहिलेले, ज्यांच्यात असे साधुपुरुष जास्त झाले असं मानतात. जुन्या काळी यात उच्च-नीच बरंच होतं. आज पैसा आणि शिक्षण यांनी गणित बदललंय, पण लग्नाची बोलणी निघाली की वंशावळ निघतेच, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

आता मुख्य भाग, उर्फ. उर्फ म्हणजे रूढीचा कायदा, आणि या किनाऱ्यावर तो अजून चालतो, सरकारी कायद्याच्या शेजारी बसून. औलाद अलींची आपली नियमांची संहिताच आहे, तिला दराएब म्हणतात. उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. समजा मत्रूहच्या बाजारात एकाच्या पिकअपनं दुसऱ्याच्या पोराला उडवलं, पाय मोडला. पोलीस येतील, कागद होतील, ते वेगळं. पण खरं प्रकरण त्याच संध्याकाळी सुरू होतं. ड्रायव्हरच्या घरचे वडीलधारे, आपल्या जमातीचे चार वजनदार लोक घेऊन जखमीच्या घरी जाण्याआधी मध्यस्थ पाठवतात, थोडी मुदत मागून घेतात, की तोपर्यंत कोणी सूड घ्यायला उठणार नाही. मग मिआद ठरतो, म्हणजे बैठक. दोन्ही बाजूंना मान्य असलेला पंच बसतो, त्याला मरदी म्हणतात. जखमांचे जाणकार वेगळे असतात, ते जखम बघून ती किती खोल, कुठं, चेहऱ्यावर आहे की कपड्याखाली, पुढं काम करता येईल की नाही, असं सगळं पाहून भरपाई सांगतात. आणि ती भरपाई एकटा ड्रायव्हर देत नाही, त्याचे 'रक्ताचे भागीदार' असलेले सगळे भाऊबंद वाटून देतात. एकाचा गुन्हा म्हणजे सगळ्यांचा खर्च, त्यामुळं घरातल्या तापट पोरावर लक्ष ठेवायला शंभर डोळे असतात. मला तर वाटतं ही पोलिसांपेक्षा परिणामकारक सिस्टिम आहे, फक्त त्या डोळ्यांमध्ये विशीच्या पोरानं किंवा पोरीनं स्वतःच्या मनानं काही करायला जागा उरत नाही, हेही तेवढंच खरं.

खून झाला तर आणखी कडक. खुन्याचे घरचे लोक आपली जागा सोडून दुसऱ्या जमातीच्या आश्रयाला जातात, त्याला नझाला म्हणतात. साधारण वर्षभर लांब राहायचं, मयताच्या घरच्यांच्या डोळ्यांसमोर यायचं नाही, राग निवला की मग मोठ्या मंडळींना पुढं घालून, मेंढरं घेऊन तडजोडीला यायचं आणि दिया म्हणजे रक्ताची किंमत द्यायची. शपथ घ्यायची वेळ आली तर साधूच्या कबरीपाशी घेतात, कोर्टात खोटं बोलणारा माणूस तिथं खोटं बोलायला कचरतो. सरकारनंही हे सगळं मोडायच्या भानगडीत न पडता सोबत घेतलंय, प्रत्येक जमातीचे उमदा आणि आवाकिल म्हणजे प्रमुख सरकारदरबारी ओळखले जातात आणि पोलीस अधिकारी स्वतः मिआदला येऊन बसलेले असतात.

टुरिस्टला याच्याशी काय करायचंय? सरळ उपयोग आहे. या किनाऱ्यावर तुम्ही एकटे कधीच नसता, तुम्ही कोणाचे तरी पाहुणे असता. ज्यानं तुम्हाला घरी चहाला बोलावलं त्याच्यावर तुमची जबाबदारी आली, तुम्हाला काही झालं तर ती त्याची बेअब्रू. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून एक मानववंशशास्त्रज्ञ बाई इथं संशोधनाला आल्या, तेव्हा त्यांचे अरब वडील हट्टानं त्यांच्यासोबत आले आणि यजमान कुटुंबाला भेटून गेले. बाईंना तेव्हा जरा संकोच वाटला, मोठ्या माणसाला वडील कशाला सोडायला येतात म्हणून, पण नंतर कळलं की त्या भेटीमुळंच सगळी दारं उघडली, ही कुणाची तरी लेक आहे, हिच्या मागं माणसं आहेत, मग ती आमच्याही घरची लेक. तुम्ही नवरा-बायको, भाऊ-बहीण, आई-लेक जे काही असाल ते पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका, नातं कळलं की समोरचा मोकळा होतो. आपल्याकडं गावात 'कुणाचा रे तू' विचारतात, अगदी तेच.

चहाबद्दल लिहितो आता. शाय झर्दा. लहानशी, धुरानं काळी झालेली किटली, निखाऱ्यांवर, गॅसवर नाही. त्यात पाणी, भरपूर चहा पत्ती, आणि साखर एवढी की आपल्या टपरीवाल्यालाही लाज वाटेल. उकळत ठेवायचा, उंचावरून छोट्या काचेच्या ग्लासात ओतायचा, परत किटलीत टाकायचा, परत ओतायचा, फेस येईपर्यंत. पहिला ग्लास काळाकुट्ट आणि कडू-गोड, घशात अडकतो. मग त्याच पत्तीवर परत पाणी, दुसरा. मग तिसरा, हलका, बऱ्याचदा पुदिना घालून. तीन झाल्याशिवाय उठायचं नाही. बनवणारा घाई करत नाही, मध्ये गप्पा चालू, आणि खरं तर चहा हे गप्पांचं निमित्त, पाहुणा कोण, कशाला आला, हे सगळं विचारायचं ते पहिल्या ग्लासानंतर. दोन तास जातात. ज्यांना पुढच्या 'पॉइंट'ला जायचं असतं त्यांची इथं फार चुळबुळ होते.

हे सगळं होतं ते मरबूआमध्ये, म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठकीची खोली, तिला बाहेरून वेगळं दार असतं म्हणजे पाहुण्याला घरात शिरावंच लागत नाही. भिंतींना लागून गाद्या, लोड, मधली जागा मोकळी. लोक आता काँक्रीटच्या घरात राहतात, १९५०-६०च्या दशकांपासून बहुतेक कुटुंबं एका जागी स्थिरावली, पण कित्येकांनी घराशेजारी तंबू ठेवलाय, उन्हाळ्यात दुपारी बसायला आणि लग्नकार्याला. सोबत बाई असेल तर तिला आत, बायकांकडं नेतील. यात अपमान काही नाही, उलट खरी मजा आत असते असं माझी बायको म्हणते, बाहेर आम्ही तीन ग्लास चहा पिऊन गंभीर चेहऱ्यानं राजकारण बोलत असतो आणि आतून हसण्याचे आवाज येत असतात.

बायकांच्या जगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, घिन्नावा. दोन ओळींची छोटीशी कविता, म्हणायची किंवा गुणगुणायची. बेदुइन समाजात चारचौघांत स्वतःचं दुःख, प्रेम, विरह उघड बोलणं हलकं समजतात, खास करून बायकांनी, त्यांनी करारी राहायचं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तरी 'मला काय त्याचं' असंच म्हणायचं. पण तीच बाई जवळच्या मैत्रिणींमध्ये बसली की कामाच्या नादात एक घिन्नावा म्हणून जाते आणि त्यात सगळं आलेलं असतं. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखंच हे, जे सासूसमोर बोलता येत नाही ते दळता दळता ओवीत घालायचं आणि ओवी आहे म्हणून कोणी जाब विचारत नाही. पुरुषही म्हणतात घिन्नावा, पण लग्नात पुरुषांचा मुख्य खेळ वेगळा, रांगेत उभं राहून एका ठेक्यात टाळ्या आणि गाणी, आणि समोर हग्गाला, म्हणजे चेहरा झाकून नाचणारी बाई. उन्हाळ्यात मत्रूहच्या आसपास लग्नाचा तंबू दिसला आणि कोणी हात करून बोलावलं तर जा. मोबाईल मात्र खिशात. बायकांचा फोटो काढणं ही इथं सगळ्यात मोठी चूक, आणि मिआद कसा बसतो ते आता तुम्हाला माहितीच आहे.

मधे युद्धाचं सांगायलाच हवं कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. अल-अलामेन हे नाव सगळ्यांना १९४२मुळे माहीत. अलेक्झांड्रियापासून शंभरेक किलोमीटरवर, जुलै आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश आणि जर्मन-इटालियन फौजा इथं भिडल्या. इथल्या कॉमनवेल्थ स्मशानात ७,२४० कबरी आहेत. पण आपल्या लोकांनी आग्नेय बाजूच्या कोपऱ्यात नक्की जावं, तिथं दहनाचं स्मारक आहे, इजिप्त आणि लिबियात मेलेल्या आणि धर्माप्रमाणे अग्नी दिलेल्या सहाशेहून जास्त सैनिकांची नावं त्यावर आहेत, म्हणजे आपलेच लोक. बस थांबते, ग्रुप रांगेतले पांढरे दगड बघतो आणि परत जातो, हा कोपरा राहून जातो. सीदी बर्रानीला डिसेंबर १९४०मध्ये इटालियन फौजांना हटवलं त्यात चौथी इंडियन डिव्हिजन होती. आणि याच किनाऱ्यावर पुढं, लिबियातल्या टोब्रुकला, जून १९४२मध्ये जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य हल्ला आला तो ज्या भागावर त्या भागात मराठा लाईट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती, कित्येक जण कैद झाले. सातारा-कोल्हापूरकडच्या काही घरांत टोब्रुक हे नाव अजून निघतं ते यामुळं.

बेदुइनांचं काय झालं? युद्ध त्यांचं नव्हतं, जमीन त्यांची होती. लोकांना हटवलं गेलं, मेंढरं गेली, टाक्या बाद झाल्या, आणि फौजा निघून गेल्यावर मागं राहिले सुरुंग. इजिप्तचं सरकार सांगत आलंय तो आकडा या पश्चिम भागासाठी सुमारे १ कोटी ७० लाख सुरुंग आणि न फुटलेले गोळे. त्यातले बरेच काढले गेले, पण मेंढरामागं गेलेलं पोर पाय गमावून आलं, अशा घटना युद्ध संपल्यावर कित्येक दशकं होत राहिल्या. हायवेच्या दक्षिणेला, विशेषतः अलामेनच्या मागच्या बाजूला, 'चला जरा वाळवंटात गाडी घालू' असं सुचलं तर ते तिथंच थांबवा. माहीतगार माणसाशिवाय नाहीच.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा विषय, जमीन. टाकी आठवतेय ना. बेदुइन हिशोबात जमीन कोणाची, तर ज्याच्या आजोबानं तिथं टाकी उपसली, बांध घातला, अंजीर लावलं, बार्ली पेरली त्याची, आणि शेजारची जमात ते मान्य करते म्हणून ती त्याची. कागद नाही. इजिप्तच्या कायद्यात, खास करून १९८१च्या १४३ क्रमांकाच्या कायद्यानुसार, वाळवंटी जमीन मुळात सरकारची. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीबद्दल एकाच वेळी खऱ्या. जोपर्यंत तिथं फक्त मेंढरं चरत होती तोपर्यंत कोणाला फरक पडला नाही. मग १९८०च्या दशकापासून कैरोतल्या श्रीमंतांना उन्हाळ्यासाठी बंगले हवे झाले, अलामेनजवळ मरीना उभं राहिलं, मग रिसॉर्टमागून रिसॉर्ट पश्चिमेकडं सरकत गेली. जी पट्टी बेदुइनांच्या लेखी कमी कामाची, खारं वारं लागणारी, ती एकदम सोन्याची झाली. व्यवहार बऱ्याचदा दोन ठिकाणी होतो, सरकारकडं कागदाचे पैसे, आणि हक्क सांगणाऱ्या कुटुंबाशी वेगळी बोलणी, नाहीतर त्यालाच रखवालीचं काम, वाळू-खडीचं कंत्राट. तुम्ही ज्या गेटमधून आत जाता तिथं उभा असलेला गार्ड हा कदाचित त्याच जमिनीच्या जुन्या मालकाचा नातू असतो.

दोन प्रसंग सांगतो. अल-दबाला अणुऊर्जा प्रकल्पासाठी १९८१मध्येच जागा राखून ठेवली गेली आणि पुढं तीस वर्षं नुसतं कुंपण. २०११च्या क्रांतीनंतर, जानेवारी २०१२मध्ये स्थानिक लोक आत घुसले, भिंती पाडल्या, आपल्या जमिनीवर जाऊन बसले. २०१३मध्ये वाटाघाटी होऊन जागा परत लष्कराकडं गेली, भरपाई ठरली, नवी घरं बांधून देण्यात आली. जुलै २०२२मध्ये रशियन कंपनीनं पहिल्या अणुभट्टीचं काँक्रीट ओतलं, एकूण चार भट्ट्या, ४,८०० मेगावॅट. दुसरा प्रसंग रास अल-हिकमाचा. फेब्रुवारी २०२४मध्ये इजिप्तनं अबू धाबीच्या सरकारी कंपनीशी ३५ अब्ज डॉलरचा करार केला, साधारण १७० चौरस किलोमीटर जागेवर नवं शहर. तेव्हा इजिप्तमध्ये डॉलरची भयंकर टंचाई होती, त्या पैशानं देश तरला असं अर्थतज्ज्ञ म्हणतात, आणि तिथं राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीनं बघितलं तर घर, बाग, टाकी सोडून भरपाईचा चेक घेऊन दुसरीकडं जायचं. झाडामागं किती, खोलीमागं किती, बागेतलं अंजीर मोठं की लहान, यावर चाललेले वाद. दोन्ही बाजू समजून घ्याव्या लागतात, पण ज्याच्या आजोबाचं नाव टाकीला आहे त्याला देशाची परकीय गंगाजळी किती समजावणार?

इजिप्तमधले तरुण या किनाऱ्याचे गमतीनं दोन भाग करतात, 'चांगला साहेल' आणि 'दुष्ट साहेल'. साहेल म्हणजे किनारा. चांगला म्हणजे अलेक्झांड्रियाच्या बाजूची जुनी, मध्यमवर्गीय बंगल्यांची रांग, जिथं आजी घरून मोठं पातेलं घेऊन येते. दुष्ट म्हणजे पश्चिमेची, एका कॉफीला भरमसाट पैसे, क्यूआर कोडशिवाय आत सोडत नाहीत. दोन्ही विनोदांत बेदुइन कुठंच नाही, हे तेवढं लक्षात येतं.

जायचं कसं आणि कधी ते थोडक्यात. कैरोहून मत्रूहला बसनं पाच-सहा तास, उन्हाळ्यात रेल्वेही आहे. वेगवान रेल्वेमार्गाचं काम चालू आहे, झाला की चित्र बदलेल. जुलै-ऑगस्टमध्ये मत्रूह म्हणजे आपल्याकडचं मे महिन्यातलं महाबळेश्वर, पाय ठेवायला जागा नाही, सगळं मध्यमवर्गीय इजिप्त तिथं. सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबर चांगलं, पाणी अजून गरम, गर्दी ओसरलेली, गाव स्वतःकडं परत आलेलं. मत्रूहच्या सार्वजनिक बीचवर बायका अंगभर कपड्यांतच पाण्यात उतरतात, बिकिनी रिसॉर्टच्या भिंतीआड. सूक लिबिया नावाचा बाजार आहे, बॉर्डरपलीकडून येणारा माल तिथं, घोंगड्या, मसाले, कपडे, भाव करा पण आधी चहा येऊ द्या. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, भाकरीसारखी तव्यावरची पातळ रोटी, ऑलिव्ह, चीज, अंजीर, फूल मेदम्मस म्हणजे शिजवलेल्या शेंगदाण्यांची (फावा बीन्सची) उसळ मिळतंच, फक्त कोणाच्या घरी जेवायचं असेल तर आदल्या दिवशीच सांगा, कारण पाहुण्यासाठी मेंढरू कापलं गेल्यावर 'मी खात नाही' म्हणणं दोघांनाही जड जातं.

बहुतेक लोक मत्रूहहून दक्षिणेला तीनशे किलोमीटरवर सिवा ओअॅसिसला जातात, जरूर जा, पण ते वेगळं जग आहे, सिवातले लोक अमाझिग, म्हणजे ज्यांना बर्बर म्हणतात ते, त्यांची भाषा वेगळी, ते बेदुइन नाहीत आणि त्यांना तसं म्हटलेलं आवडतही नाही. पश्चिमेला सल्लूमपर्यंत आणखी सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर आहेत, रस्ता शेवटी एका उंच पठारावर चढतो आणि खाली अख्खा उपसागर दिसतो. चेकपोस्ट बरेच, पासपोर्ट सारखा काढावा लागतो, परदेशी माणसाला कधी कधी परतही पाठवतात, तेव्हा मत्रूहमध्येच आधी चौकशी करा. आणि चेकपोस्टवर 'कोणाकडं चाललात' असं विचारलं तर हॉटेलचं नाव सांगण्यापेक्षा यजमानाचं आणि त्याच्या जमातीचं नाव सांगा, काम लवकर होतं.